टाळू भरण्याआधी

बाळाच्या पहिल्या वर्षात आईवडिलांसमोर येणाऱ्या बहुतेक वैद्यकीय प्रश्नांची उत्तरे ठरलेली असतात. लस कधी टोचायची, वरचे अन्न केव्हा सुरू करायचे, ताप किती चढला की दवाखाना गाठायचा, याविषयी डॉक्टरांमध्ये फारसे दुमत नसते आणि पालकांना सांगितलेले पाळायचे एवढेच काम उरते. डोके मागून किंवा एका बाजूने चपटे झालेल्या बाळाला आकार सुधारणारे हेल्मेट घालायचे की नाही, हा प्रश्न मात्र त्या जातीचा नाही. अमेरिकेत जे साधन बनवून देणारी केंद्रे शहरोशहरी आहेत, तेच साधन ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सहसा देत नाही आणि सुचवीतही नाही. बालरोगतज्ज्ञ ‘थांबा, आपोआप भरून येईल’ असे म्हणतात, तर मापे घेणारा तंत्रज्ञ ‘थांबलात तर वेळ निघून जाईल’ असे सांगतो, आणि अडचण अशी की ही दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी असतात. ‘निर्णय’ या सूत्राभोवती गुंफलेल्या या अंकात या प्रश्नाला स्थान मिळण्याचे कारणही हेच आहे, कारण ज्याचे उत्तर तज्ज्ञांनी पालकांवरच सोपवले आहे आणि ज्याला बाळाच्या वाढीने स्वतःच मुदत घालून दिली आहे, असा निर्णय घेताना माणसे नेमके काय करतात, हे येथे जवळून पाहता येते.

उताणे निजवण्याची दुसरी बाजू

१९८० च्या दशकापर्यंत अमेरिकेत आणि युरोपातील अनेक देशांत तान्ह्या बाळाला पालथे निजवण्याची पद्धत रूढ होती, कारण उलटी झाली तर ती घशात अडकू नये अशी त्यामागची समजूत होती. पालथ्या झोपणाऱ्या बाळांमध्ये झोपेतील अकस्मात मृत्यू, म्हणजे धडधाकट बाळ कोणतेही कारण न सापडता झोपेतच दगावणे, अधिक प्रमाणात घडते असा पुरावा साचत गेला, तेव्हा नेदरलँड्सने १९८७ मध्ये, न्यूझीलंड व ब्रिटनने १९९१ मध्ये आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ मध्ये आपला सल्ला फिरवला. अमेरिकेत १९९४ मध्ये ‘बॅक टू स्लीप’ या नावाने राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि प्रत्येक प्रसूतिगृहातून बाहेर पडणाऱ्या आईला बाळ पाठीवरच निजवा असे बजावले जाऊ लागले. १९९० मध्ये तेथे दर १ लाख जिवंत जन्मांमागे अशा मृत्यूंचे प्रमाण सुमारे १३० होते, ते २०२० पर्यंत ३८ च्या आसपास उतरले. इतक्या साध्या सल्ल्याने इतके जीव वाचल्याची उदाहरणे सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात फार नाहीत.

मोहीम सुरू होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच, १९९६ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनातील प्लास्टिक सर्जन लुई अर्जेंटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याचा मागचा भाग एका बाजूने चपटा असलेली बाळे एकाएकी मोठ्या संख्येने येऊ लागल्याचे नोंदवले आणि त्याचा संबंध निजवण्याच्या बदललेल्या पद्धतीशी जोडला. या विकृतीला ‘पोझिशनल प्लॅजिओसेफली’, म्हणजे एकाच स्थितीत राहिल्याने आलेला तिरपेपणा, असे म्हणतात. चपटेपणा एका बाजूला नसून मागे सर्वत्र सारखा असेल आणि त्यामुळे डोके रुंद व आखूड दिसत असेल, तर त्या प्रकाराला ‘ब्रॅकिसेफली’ हे नाव आहे.

हा इतिहास येथे देण्याचे कारण वेगळे आहे. चपट्या डोक्याचे बाळ घेऊन आलेली आई बहुधा ‘माझे कुठे चुकले?’ या प्रश्नाने पोखरलेली असते, आणि तिने प्रत्यक्षात केलेले असते ते एवढेच की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बाळाला रोज उताणे निजवले. तिच्या बाळाचे डोके चपटे झाले ते तिने जीव वाचवणारा सल्ला पाळल्यामुळे, ही गोष्ट तपासणीच्या पहिल्याच भेटीत तिला स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे. ती न सांगितल्यामुळे पुढचे अनेक निर्णय अपराधाच्या भावनेतून घेतले जातात.

डोके वाढते कसे आणि बसते कसे

नवजात बाळाची कवटी एकसंध नसते. तिची हाडे पातळ असून तंतुमय सांध्यांनी एकमेकांशी जोडलेली असतात आणि चार हाडांच्या मधल्या मऊ जागेला आपण टाळू म्हणतो, जी साधारण वर्ष ते दीड वर्षाच्या सुमारास भरते. कवटीला आकार मिळतो तो आत वाढणाऱ्या मेंदूच्या दाबामुळे. जन्मताना डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटिमीटर असतो, पहिले तीन महिने तो दरमहा सुमारे २ सेंटिमीटरने, पुढचे तीन महिने सुमारे १ सेंटिमीटरने आणि त्यानंतर वर्ष पुरे होईपर्यंत दरमहा जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरने वाढतो. म्हणजे पहिल्या वर्षातील एकूण वाढीचा तीन चतुर्थांश भाग पहिल्या सहा महिन्यांतच उरकलेला असतो. हेल्मेटविषयीची सारी घाई या हिशेबातून जन्मते. हेल्मेट स्वतः काहीही घडवत नाही, ते फक्त चाललेल्या वाढीला दिशा देते, आणि वाढच मंदावली की त्याच्या हाती करण्यासारखे फारसे काही राहत नाही.

बाळ ज्या जागेवर सतत टेकते ती जागा वाढीच्या वेळी मागे राहते आणि वाढ मोकळ्या बाजूंना वळते. एकदा एक बाजू थोडी सपाट झाली की डोके झोपेत आपोआप त्याच बाजूला घरंगळते, त्यामुळे तीच बाजू आणखी दबते. अशा डोक्याकडे वरून पाहिले तर आकार समांतरभुज चौकोनासारखा दिसतो. चपट्या बाजूचा कान किंचित पुढे सरकलेला असतो, त्याच बाजूचे कपाळ पुढे आलेले असते आणि क्वचित एक गाल दुसऱ्यापेक्षा भरलेला वाटतो. समोरून पाहणाऱ्याला यातले काहीच जाणवत नाही, म्हणून घरातल्या माणसांच्या नजरेतून ते सुटते आणि एखाद्या दिवशी आंघोळीत केस ओले झाल्यावर किंवा जावळ काढल्यावर ते अचानक दिसते.

हे किती बाळांना होते? कॅनडातील कॅल्गरी येथे ७ ते १२ आठवड्यांच्या ४४० बाळांची तपासणी झाली, तेव्हा ४६.६ टक्के बाळांमध्ये कमीअधिक चपटेपणा आढळला आणि त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिकांचा तो सौम्य होता. न्यूझीलंडमध्ये बाळांचा दोन वर्षांपर्यंत मागोवा घेतलेल्या अभ्यासात हे प्रमाण चौथ्या महिन्यात सुमारे २० टक्के होते, वर्षाच्या वेळी ते ७ टक्क्यांच्या आत आले आणि दोन वर्षे पुरी होईपर्यंत ३.३ टक्के राहिले. बाळ मान धरू लागते, पालथे पडते, बसते, रांगते, तसतसा अंथरुणाशी येणारा संबंध कमी होत जातो, आणि निसर्ग बराचसा हिशेब स्वतःच मिटवतो. सगळ्यांचा मात्र मिटवत नाही.

या सगळ्यात दुर्लक्षित राहणारा अवयव म्हणजे मान. पुष्कळ बाळांमध्ये मूळ तक्रार डोक्याची नसते. मानेच्या एका बाजूचा स्नायू आखडलेला असल्याने बाळ एकाच दिशेला पाहत राहते आणि डोके त्या सक्तीच्या बाजूवर बसते. कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत उतरणाऱ्या या स्नायूचे आखडणे जन्मजात असेल तर त्याला ‘टॉर्टिकॉलिस’ म्हणतात, आणि गर्भाशयातील दाटीवाटी, पायाळू बाळ, जुळी, मुदतपूर्व जन्म, चिमट्याने किंवा निर्वाताने झालेली प्रसूती, यांच्याशी मानेच्या वा डोक्याच्या या तक्रारींचे नाते वारंवार आढळते. आखडलेली मान मोकळी केल्यावाचून डोक्यावर केलेला कोणताही उपाय अर्धाच राहतो.

गफलत चालणार नाही अशी जागा

हेल्मेटचा विचार करण्यापूर्वी एक शक्यता नि:संशय बाजूला सारावी लागते. कवटीचे सांधे काही बाळांमध्ये मुदतीआधीच हाडासारखे जुळून जातात. ‘क्रेनिओसिनॉस्टोसिस’ नावाचा हा विकार साधारण दोन ते अडीच हजार जन्मांत एकदा आढळतो, मेंदूच्या वाढीला जागा कमी पडू शकते आणि त्यावर शस्त्रक्रियाच करावी लागते. मागचा एक सांधा असा जुळला तर बाहेरून दिसणारा चपटेपणा निजण्याच्या स्थितीमुळे आलेल्या चपटेपणासारखाच भासतो, परंतु वरून पाहिल्यास आकार समलंब चौकोनाकडे झुकतो, त्या बाजूचा कान पुढे न सरकता मागे व खाली ओढलेला दिसतो आणि कानामागे हाडाचा उंचवटा हाताला लागतो. अनुभवी डॉक्टर बहुतेक वेळा नजरेने आणि बोटांनी हा फरक ओळखतो, शंका उरलीच तर स्कॅन केला जातो. ही खातरजमा डॉक्टरने केलेली असल्याशिवाय मापे घेणाऱ्या केंद्राकडे जाऊ नये.

मापे घेण्याची खोली

अमेरिकेतील अशा केंद्राच्या खोलीत वैद्यकीय वाटेल असे फार थोडे असते. बाळाच्या डोक्यावर मोज्यासारखी ताणणारी पातळ जाळीदार टोपी चढवली जाते, जेणेकरून केस मापात येऊ नयेत. बाबा मांडीवर घेऊन दोन्ही काखांत हात घालून बाळाला ताठ धरतात, आई समोर खुळखुळा हलवत उभी राहते, आणि प्रकाशाच्या झोताने पृष्ठभाग टिपणारे यंत्र काही क्षणांत डोक्याचा त्रिमितीय आकार संगणकावर उभा करते. पूर्वी हेच काम ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या डोक्याभोवती गुंडाळून केले जाई आणि बाळे आकांत करत.

पडद्यावर डोक्याच्या दोन तिरप्या रेषा मोजल्या जातात, एक उजव्या कपाळापासून डाव्या मागच्या बाजूपर्यंत आणि दुसरी तिच्या उलट. या दोन कर्णांमधील फरकाला मोठ्या कर्णाने भागून टक्केवारी काढली जाते. अटलांटा येथील बालरुग्णालयाने रूढ केलेल्या पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीत ३.५ टक्क्यांच्या आतला फरक पहिल्या पायरीत, म्हणजे सामान्य, धरतात, ६.२५ टक्क्यांपुढे मध्यम आणि ११ टक्क्यांपुढे सर्वांत तीव्र. ही संख्या पालकांच्या मनावर जबरदस्त परिणाम करते. तोवर जे ‘थोडेसे चपटे’ होते, ते आता ७.१ किंवा ९.४ झालेले असते, आणि संख्या कानी पडली की ती कमी करण्याची तळमळ आपोआप सुरू होते. मापाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही, परंतु हेच माप जे केंद्र घेते तेच हेल्मेट विकते, ही रचना पालकांनी डोळ्यांआड करू नये. मापाचा कागद घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे परत जाणे आणि मग ठरवणे, एवढी उसंत घेता येतेच.

चपट्या डोक्यासाठी हेल्मेट वापरल्याचे वर्णन सर्वप्रथम ठळकपणे मांडले ते अमेरिकन डॉक्टर स्टर्लिंग क्लॅरेन यांनी १९७९ मध्ये, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा साधनांचा स्वतंत्र वर्ग १९९८ मध्ये निश्चित केला. ३ ते १८ महिन्यांच्या बाळांसाठी त्यांना मान्यता असते. बाहेरून कडक प्लास्टिकचे कवच, आतून फोमचा थर, वजन साधारण दीड-दोनशे ग्रॅम. डोक्याचा जो भाग पुढे आलेला आहे तेथे ते हलकेच टेकते आणि चपट्या भागासमोर पोकळी ठेवते, त्यामुळे वाढ त्या पोकळीत सरकते. बाळाचे डोके आवळले जाते ही भीती पालकांना हमखास वाटते, पण दाबून आकार देणे हा या साधनाचा हेतूच नाही. ते बसवणारा तंत्रज्ञ, ज्याला तेथे ऑर्थोटिस्ट म्हणतात, पहिल्या दिवशी कानाभोवतीची कड पेन्सिलीने आखतो, फिरत्या चाकावर ती घासतो, पुन्हा चढवून पाहतो. पुढे दर दोन-तीन आठवड्यांनी आतला फोम जागोजागी खरवडून वाढीसाठी नवी जागा मोकळी करून देतो. हे खरवडणे नीट झाले नाही, तर महागडे हेल्मेट केवळ टोपी होऊन बसते.

खर्चाचे गणित तेथेही सोपे नाही. एका हेल्मेटला साधारण दीड हजारापासून तीन-चार हजार डॉलरपर्यंत पैसे पडतात, काही विमा कंपन्या हा उपचार केवळ सौंदर्यासाठी असल्याचे सांगून नाकारतात, तर पैसे देणाऱ्या अनेक कंपन्या आधी दोन महिने स्थिती बदलण्याचा आणि व्यायामाचा प्रयत्न करून पाहिल्याची लेखी नोंद मागतात. ही अट वैद्यकीयदृष्ट्या वाजवी आहे, तथापि पाचव्या महिन्यात पहिल्यांदा चपटेपणा लक्षात आलेल्या कुटुंबासाठी हे दोन महिने म्हणजे वाढीच्या उरलेल्या मुदतीतला सर्वांत मोलाचा काळ असतो.

तेवीस तास

हेल्मेट दिवसाचे २३ तास घालायचे असते, उरलेल्या तासात आंघोळ आणि सफाई. सुरुवातीचे काही दिवस तासभर घालणे आणि तासभर काढणे असे करत वेळ वाढवत नेतात. काढल्यावर त्वचेवर लाल चट्टे दिसतात, ते तासाभरात विरले पाहिजेत, न विरले तर केंद्राला कळवायचे. आतला भाग रोज स्पिरिटने पुसून वाळवायचा, तरी घामाचा आंबूस वास काही दिवसांतच घर करतो. ताप आला तर हेल्मेट काढून ठेवायचे. बाळे, आश्चर्य वाटावे इतक्या लवकर, सरावतात. सरावायला वेळ लागतो तो आईबापांना. छातीशी घेतलेल्या बाळाच्या डोक्याचा वास आणि मऊपणा हा पालकपणाचा रोजचा आनंद असतो आणि तीन-चार महिने त्या जागी प्लास्टिकचे कवच हनुवटीला लागते, अंगावर पाजताना हाताला त्याची कड रुतते. ज्यांनी हा काळ निभावला आहे अशा आया खर्चापेक्षा या गोष्टीविषयी अधिक बोलतात, आणि निर्णयाच्या वेळी या किमतीची नोंद कोणत्याही कागदावर नसते.

नेदरलँड्समधील दोन प्रयोग

हेल्मेटविषयीच्या वादात २०१४ हे वर्ष वारंवार येते. त्या वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डच संशोधक रेनस्के व्हॅन वाइक आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पाच ते सहा महिन्यांच्या, मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेल्या ८४ बाळांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली गेली, अर्ध्यांना हेल्मेट दिले गेले, अर्ध्यांना काहीच नाही, आणि दोन वर्षांच्या वयात सगळ्यांची डोकी मोजली. पूर्ण सुधारणा झाली ती हेल्मेट घातलेल्यांपैकी २६ टक्क्यांमध्ये आणि न घातलेल्यांपैकी २३ टक्क्यांमध्ये. दोन्ही गटांत फरक असा उरलाच नाही. हेल्मेटच्या गटातील सर्वच पालकांनी काही ना काही त्रास नोंदवला, त्यांत त्वचेची जळजळ, वास, घाम आणि बाळाला कुरवाळता न येणे हे प्रमुख होते. संशोधकांनी निरोगी बाळांत हेल्मेटचा सरसकट वापर करू नये असा निष्कर्ष काढला.

या निष्कर्षावर टीकाही झाली आणि ती दुर्लक्षण्यासारखी नाही. मुदतीआधी जन्मलेली आणि मान आखडलेली बाळे या प्रयोगात घेतलेली नव्हती, ज्यांना विचारले त्यांतील बहुसंख्य पालकांनी चिठ्ठीवर निर्णय सोपवायला नकार दिला होता, आणि अनेक हेल्मेटे डोक्यावर सरकत, फिरत असल्याची नोंद खुद्द अभ्यासातच आहे. तेव्हा प्रयोगाने मोजले ते हेल्मेटचे फळ की नीट न बसलेल्या हेल्मेटचे, असा प्रश्न अमेरिकेतील तज्ज्ञांनी विचारला. पुढच्याच वर्षी शिकागोच्या एका वैद्यकीय गटाने आपल्याकडील चार हजारांहून अधिक बाळांच्या नोंदी मांडल्या, त्यांत केवळ स्थितीबदल व व्यायामाने सुमारे ७७ टक्के आणि हेल्मेटने सुमारे ९५ टक्के बाळांचा आकार सुधारल्याचे दिसले. मात्र येथे चिठ्ठ्या नव्हत्या, कोणाला काय द्यायचे ते डॉक्टर आणि पालकांनी ठरवले होते, त्यामुळे दोन गट मुळात सारखे होते असे मानता येत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतील मेंदूशल्यविशारदांच्या संघटनेने मार्गदर्शक तत्त्वे काढली तेव्हा मधली वाट घेतली: आधी स्थितीबदल, त्याहून प्रभावी फिजिओथेरपी, आणि त्यानंतरही मध्यम ते तीव्र चपटेपणा उरला किंवा बाळ उशिराच दाखवले गेले तर हेल्मेट.

दुसरा डच प्रयोग पहिल्यापेक्षा सहा वर्षे आधीचा आणि प्रस्तुत विषयात अधिक मोलाचा आहे, तरी त्याचे नाव पालकांच्या कानावर क्वचितच पडते. फिजिओथेरपिस्ट लिओ व्हॅन व्लिमरेन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात सात आठवड्यांच्या, एकाच बाजूला पाहण्याची सवय लागलेल्या ६५ बाळांपैकी काहींना प्रशिक्षित थेरपिस्टकडून मानेचे व्यायाम, पालथे खेळवणे, पाजताना व उचलताना बाजू बदलणे, असे शिक्षण घरच्यांसह दिले गेले. सहाव्या महिन्यात तीव्र चपटेपणा उपचार न घेतलेल्यांपैकी ५६ टक्क्यांत होता, घेतलेल्यांपैकी ३० टक्क्यांत. वर्षाच्या वेळी ५६ विरुद्ध २४. हेल्मेटच्या बाजूने आणि विरुद्ध जेवढी शाई खर्ची पडली, तिचा थोडा जरी भाग या आकड्यांवर पडला असता, तरी अनेक घरांत हेल्मेटचा प्रश्न उभाच राहिला नसता.

मोहरीची उशी

न्यू जर्सी असो वा कॅलिफोर्निया, मराठी घरात बाळंतपणासाठी आलेल्या आजीच्या सामानात डिंकाचे लाडू, बाळगुटीचे साहित्य आणि मोहरीची छोटी उशी बहुधा असतेच. डोके घेईल तसा आकार मोहरी घेते, म्हणून बाळाचे डोके गोल होते अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि ‘अगं, आमच्या कुणाला हेल्मेट लागलं होतं का?’ हा आजीचा प्रश्न लेकीला निरुत्तर करतो. सून असेल तर बोलणे अधिकच अवघड होते. उत्तर मात्र स्पष्ट आहे आणि ते प्रेमाने पण ठामपणे द्यावे लागते: बाळ झोपते त्या जागी कोणतीही उशी नको. उशीमुळे हनुवटी छातीकडे दुमडू शकते, डोके घसरले तर नाकतोंड कापडात रुतू शकते, आणि याच धोक्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नयेत असा जाहीर इशारा दिला. आंघोळीच्या वेळी तळव्यांनी कवटी दाबून ‘गोल करणे’ हेही टाकून द्यायला हवे.

पण त्याच आंघोळीत एक अनमोल गोष्ट आहे. न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय पसरून बसते, बाळाला त्या पायांवर पालथे घालते, पाठीला आणि मानेला तेल चोळते, आणि बाळ तिच्या नडग्यांवरून डोके उचलण्याची धडपड करते. पाठीवरचा पाण्याचा तांब्या ओतून होईपर्यंत ही धडपड चाललेली असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची अकादमी जागेपणी, नजरेखाली, बाळाला पोटावर ठेवण्याचा सल्ला देते आणि सात आठवड्यांपर्यंत तो वेळ दिवसाला एकूण १५ ते ३० मिनिटांवर न्यावा असे सांगते. आजीच्या हातची आंघोळ त्यातला बराचसा वाटा सहज उचलते. शिवाय घरात चार माणसे असली की बाळ कडेवर, खांद्यावर, मांडीवर असते; कार-सीट, पाळणाखुर्ची, झोका अशा एकामागून एक साच्यांत पडून राहण्याचे त्याचे तास घटतात. परदेशात एकट्या पडलेल्या जोडप्याला नेमके हेच तास भरून काढता येत नाहीत. ‘उशी नको, पण आई, दिवसातून चार वेळा तुम्हीच त्याला पालथं खेळवा’, असे म्हटले तर आजीचा अनुभव वाया जात नाही आणि बाळही सुरक्षित राहते.

ठरते कसे

प्रत्यक्षात निर्णय आकड्यांवर होतो असे दिसत नाही. पालकांना सर्वाधिक भीती मेंदूची असते, आणि तेथे उत्तर दिलासा देणारे आहे: निजण्याच्या स्थितीमुळे आलेल्या चपटेपणाने मेंदूची वाढ खुंटते असा पुरावा नाही. सिएटल येथील संशोधकांना मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेल्या मुलांचे विकासाच्या व बुद्धीच्या चाचण्यांतील गुण सरासरीने थोडे कमी आढळले, सौम्य चपटेपणा असलेल्यांचे नाही. परंतु हालचाल मंद असलेले बाळ एका जागी अधिक पडून राहते म्हणून त्याचे डोके चपटे होते, हा उलट क्रमही तितकाच संभवनीय आहे, आणि हेल्मेटने ते गुण वाढतात असे कोणी दाखवलेले नाही. अशा बाळाच्या हालचालींकडे आणि बोलण्याकडे पुढे लक्ष ठेवावे, एवढा अर्थ त्यातून निघतो.

उरतो तो दिसण्याचा प्रश्न, आणि त्याला क्षुल्लक म्हणण्याचा अधिकार त्रयस्थाला नाही. चष्म्याची दांडी तिरकी बसेल का, मुलाने केस बारीक कापले तर दिसेल का, मुलगी मोठी झाल्यावर ‘तुम्ही काहीच का केलं नाही?’ असे विचारेल का, या विचारांनी आईबाप रात्र रात्र जागतात. सौम्य चपटेपणात हेल्मेटचा विचारही करू नये, हे आजच्या पुराव्यावरून ठामपणे म्हणता येते. चार महिन्यांच्या आतल्या बाळाला आधी मान तपासून फिजिओथेरपी द्यावी, हेही तितकेच ठामपणे. पाचसहा महिन्यांचे, तीव्र चपटेपणाचे, व्यायामाने न सुधारणारे बाळ असेल, तर हेल्मेट घालणारे पालक आणि न घालणारे पालक या दोघांचाही निर्णय समंजस असू शकतो. पहिल्यांनी २३ तासांची शिस्त आणि चांगला ऑर्थोटिस्ट शोधण्याची तयारी ठेवावी, दुसऱ्यांनी थोडा तिरपेपणा कायम राहील ही शक्यता आजच मान्य करावी. दोघांनाही कोणी आळशी वा हौशी ठरवू नये.

महाराष्ट्रात आखडलेली मान आणि चपटेपणा वेळीच हेरण्यासाठी एक तयार जागा आहे. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे लसींच्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोससाठी बाळ आरोग्य केंद्रात किंवा खासगी दवाखान्यात येतेच, वजन होते, घेर मोजला जातो. त्याच वेळी बाळाला उताणे ठेवून हनुवटी एकदा उजव्या आणि एकदा डाव्या खांद्याकडे वळते का ते पाहणे, मग त्याला बसते धरून डोक्याकडे वरून एक नजर टाकणे, यास मिनिटही लागत नाही. दीड महिन्याच्या डोसला मान एका बाजूला अडकलेली आढळली, तर अडीच महिन्यांच्या डोसपर्यंत घरच्यांना व्यायाम शिकवून झालेले असतात आणि साडेतीन महिन्यांच्या डोसला फरक मोजता येतो. परिचारिकेच्या टेबलावरील नोंदवहीत घेराच्या शेजारी मानेसाठी आणखी एक रकाना आखावा लागेल, इतकेच.